घड्याळ बघावं वैशाखात

दणकट जीपीएस घड्याळांची तुलना करणारं काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन-तीन परिच्छेदांतच बर्फ येतो. आल्प्सच्या धारेवरून चाललेला गिर्यारोहक, उणे वीस अंशांतही दम न सोडणारी बॅटरी, हातमोजे घालून दाबता येतील अशी बटणं, पाण्याखाली चाळीस मीटरपर्यंत जायची ग्वाही. ही घड्याळं जिथे घडली तिथल्या गरजा त्यांत उतरल्या, हे रास्तच आहे. सुंटो आणि पोलर या दोन्ही कंपन्या फिनलंडच्या. सुंटोचा जन्म १९३६चा आणि तोही होकायंत्रापायी झालेला. तुओमास व्होहलोनेन हे अभियंते स्वतः नकाशा हातात घेऊन जंगलात धावणारे; त्यांना धावतानाही सुई स्थिर राहील असं, द्रव भरलेलं होकायंत्र हवं होतं. थंड, दाट झाडीच्या मुलखातला माणूस जे मागेल ते त्या घराण्यात आजही आधी येतं.

मी अंबाजोगाईला राहते, शाळेत भूगोल शिकवते आणि पहाटे धावते. बालाघाटाच्या माथ्यावरचं आमचं गाव परभणी-नांदेडच्या मानाने जरा सुखाचं. तरी एप्रिल उजाडला की सकाळी साडेसातलाच पाठ भाजायला लागते, आणि मे महिन्यात तिकडे खाली गोदावरीच्या काठाला पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. आमच्याकडे माणसाचा कस लागतो तो उन्हात. त्यामुळे या घड्याळांबद्दल माझं एकच सांगणं आहे. मराठवाड्यात राहणाऱ्याने ती वैशाखात बघावीत, आणि त्या उन्हात जे कामाला येतं त्यालाच पैसे द्यावेत. पैसे थोडेथोडके नाहीत. ॲपल वॉच अल्ट्रा २०२२ साली भारतात आलं ते ८९,९०० रुपयांना. गार्मिनच्या फेनिक्स मालिकेतली वरची घड्याळं लाखाच्या आगेमागे जातात. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात दुभती म्हैस येते गं." खरंच येते. म्हणूनच हा विचार नीट करायला हवा.

आमचा रविवारचा एक गट आहे. लातूरचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे अल्ट्रा २. परळीचे एक अभियंते, त्यांच्या हातात फेनिक्स ७. माझा भाचा पुण्याला असतो, सह्याद्रीतल्या लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो, त्याच्याकडे कोरोसचं व्हर्टिक्स २. आणि मी गार्मिनचंच इन्स्टिंक्ट २एस सोलर बांधते, ४० मिलिमीटरचं, हलकं, प्लास्टिकच्या अंगाचं. घड्याळं एकमेकांच्या हाताला बांधून बघायचा आम्हाला नाद आहे, त्यातून जे हाती लागलं ते लिहिते.

पहिली गोष्ट स्क्रीनची. आता बाजार सगळा ॲमोलेडकडे चाललाय. २०२३मध्ये सुंटो रेस आलं, २०२४मध्ये फेनिक्स ८ आलं, सगळीकडे तोच झळाळता रंगीत पडदा. संध्याकाळी, घरात, दुकानातल्या दिव्याखाली तो इतका देखणा दिसतो की जुन्या पद्धतीचा पडदा त्याच्यापुढे मळकट वाटतो. भाचासुद्धा हल्ली मला तेच सांगतो, "मावशी, एकदा रंगीत स्क्रीन वापरून तर बघ, परत मागे जाणार नाहीस." पण दोघांचं तंत्र वेगळं आहे. ॲमोलेडला उन्हाशी झगडावं लागतं. ऊन जितकं कडक तितका त्याला स्वतःचा उजेड वाढवावा लागतो आणि तो उजेड बॅटरीतून येतो. अल्ट्रा २ची झळाळी ३००० निट्सपर्यंत जाते, त्यामुळे उन्हात तेही वाचता येतं, यात वाद नाही. जुना, एमआयपी नावाचा पडदा मात्र पडणाऱ्या प्रकाशावरच दिसतो. दुपारी बाराच्या उन्हात तो सगळ्यात स्पष्ट असतो, तेही बॅटरी अगदी नावापुरती खर्चून, आणि मनगट न झटकता सतत दिसत राहतो. भुईमुगाच्या शेतातून धावताना डोळ्यांवर घाम आलेला असतो, चष्म्यावर धूळ असते. तेव्हा नुसती नजर खाली टाकली की आकडा दिसला पाहिजे. माझा कौल एमआयपीला आहे, आणि ती घड्याळं दरवर्षी कमी होत चालली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुंटोचं पहिलं व्हर्टिकल, गार्मिनची सोलर घड्याळं, कोरोसचं व्हर्टिक्स, अशा मोजक्यांनीच ती वाट धरून ठेवली.

पडद्यालाच लागून दुसरी गोष्ट, बटणांची. घामेजलेलं बोट टचस्क्रीनवर फिरवून बघा. घामाचा थेंबच कधी कधी बोट होऊन बसतो. पाच बटणांचं घड्याळ आठवडाभरात हाताला कळतं, मग बघावंही लागत नाही.

काचेबद्दल फार बोललं जातं, तेवढं बोलण्यासारखं त्यात नाही. वरच्या किमतीच्या घड्याळांना सफायर काच असते, म्हणजे रासायनिकदृष्ट्या नीलमच. मोह्स नावाच्या मापावर तिचा कठीणपणा ९, साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास, आणि आमच्या रानात पावलोपावली सापडणाऱ्या गारगोटीचा ७. म्हणजे गारगोटीवर आपटलं तर साध्या काचेला ओरखडा जाणार आणि सफायरला नाही. पण सफायर ठिसूळ असते आणि उजेड जास्त परावर्तित करते, त्यामुळे एमआयपी पडदा तिच्याखाली किंचित काळवंडतो. रोज दगडावर हात घासत चढणाऱ्याने ती घ्यावी. माझ्या घड्याळाची काच साधी कडक केलेली आहे आणि तिच्याभोवती उंच कड आहे. माझ्या हातात बांगड्या असतात. फुटते ती बांगडी. लग्नसराईत चार-चार भरलेल्या असतात तेव्हा तर कडेवर आपटून दोन-तीन तरी जातात. घड्याळाला काही होत नाही. त्रास होतो तो वेगळाच. बांगड्या घड्याळाला खाली मनगटाच्या हाडाकडे ढकलतात, मागचा सेन्सर कातडीपासून सुटतो आणि नाडीचे आकडे भरकटतात. कुठल्याही तुलनेत हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. आता मी धावायला जाताना बांगड्या उजव्या हातात घालते आणि घड्याळ डाव्या हाताला, हाडापासून दोन बोटं वर बांधते.

बॅटरीचं आमच्याकडे महत्त्व जास्तच आहे, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. अल्ट्रा २ साध्या वापरात ३६ तास चालतं असं कंपनी सांगते. फेनिक्स ७ला १८ दिवस, आणि सलग जीपीएस लावून ५७ तास. व्हर्टिक्स २ची ख्यातीच १४० तास जीपीएसची. सोलरचा हिशोब मात्र नीट वाचावा. गार्मिन सांगते की तिचे सोलरचे आकडे रोज तीन तास ५०,००० लक्स उजेडात घालवले तर मिळतील. युरोपात हे तीन तास जमवताना माणसाला विचार करावा लागत असेल. आपल्या भर दुपारच्या उघड्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. शेतावर, रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर काम करणाऱ्याला हे सोलर खऱ्या अर्थाने फळतं. मात्र तेच ऊन बॅटरीला मारकही आहे. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. घड्याळ हातावर असताना शरीर त्याला सांभाळून घेतं, पण बंद गाडीच्या डॅशबोर्डवर, पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारसायकलच्या डिकीत ते ठेवू नये, आणि तापलेलं असताना चार्जिंगला लावू नये.

बॅटरीची खरी परीक्षा मी वारीत पाहिली. एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून पंढरपूरला निघते, बीड जिल्ह्यातून जाते. तिच्याबरोबर काही मजल चालले होते. मुक्कामाच्या शाळेत एकेका प्लगपाशी पंधरा-वीस फोन ताटकळत असतात, तिथे घड्याळ घेऊन कोण उभं राहणार? माझ्या घड्याळात एक मोहिमेची सोय आहे, तासाला एकच ठिकाण नोंदवते. रेघ त्यामुळे सरळसोट येते, रस्त्याची वळणं तिच्यात उतरत नाहीत, पण चार्जर पिशवीतून काढावाच लागला नाही. शेजारून चालणाऱ्या एका आजींना मी अंतर सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "इसावा कुटं हाय त्ये सांग." विसाव्याचं ठिकाण घड्याळात खूण करून ठेवता येतं हे त्या दिवशी मला पहिल्यांदा उपयोगाचं वाटलं. पुढच्या मुक्कामापासून मी तेच करत गेले.

आता जीपीएस. माणसं सगळ्यात जास्त पैसे यासाठी मोजतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ठिकाण नक्की करायला निदान चार तरी दिसावे लागतात. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळत होती. ती काढल्यावर अचूकता एका रात्रीत सुधारली, आणि तीनच वर्षांनी गार्मिनचं पहिलं फोररनर मनगटावर आलं. आताची घड्याळं अमेरिकेशिवाय रशियाचे, युरोपचे, चीनचेही उपग्रह ऐकतात. नाविक या आपल्या भारतीय यंत्रणेचे सुरुवातीचे उपग्रह घड्याळांना सोयीच्या एल-१ लहरीवर बोलत नव्हते. २९ मे २०२३ला सुटलेल्या एनव्हीएस-०१ पासून ती लहर आली. आपल्या आकाशातले आपले उपग्रह आपल्या मनगटावर सर्रास ऐकू यावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

महाग घड्याळात बहुतेकदा जास्तीचं काय मिळतं, तर दोन लहरींवर ऐकण्याची सोय. तिचा अर्थ मला देवगिरीवर कळला. मार्गशीर्षात आमचा गट तिथे गेला होता, चौघांची घड्याळं एकाच वेळी चालू केलेली. देवगिरीच्या टेकडीचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासलेला आहे, भिंतीसारखा. खंदकाच्या कडेने चालताना उपग्रहाचा संदेश थेट तर येतोच, शिवाय त्या तासलेल्या कातळावर आपटूनही येतो. आपटून आलेला संदेश थोडा उशिरा पोचतो, घड्याळाला वाटतं आपण आहोत त्याहून पलीकडे आहोत. एल-५ या दुसऱ्या लहरीवरच्या संदेशाची वीण दहापट बारीक असते, त्यामुळे थेट आलेला कुठला आणि आपटलेला कुठला हे तिथे वेगळं काढता येतं. घरी येऊन चारही रेघा एकावर एक ठेवल्या. दोन लहरींवाल्यांची रेघ पायऱ्यांना धरून होती, एका लहरीवाल्यांची खंदकात उतरून परत वर आली होती. किल्ल्यातल्या अंधारी या बोगद्यात मात्र सगळे सारखे. वर कातळ, वटवाघळांचा उग्र वास, पायाखालची पायरी टॉर्चशिवाय दिसत नाही, तिथे आकाश कुठून दिसणार? घड्याळं तिथे पावलांच्या अंदाजाने अंतर पुढे ढकलतात आणि बाहेर पडल्यावर दोन टोकं जोडतात.

पण देवगिरी म्हणजे मराठवाडा नव्हे. अजिंठ्याची वाघोरा नदीची घळ, कन्नडकडच्या गौताळ्याच्या दऱ्या, आमच्या बुट्टेनाथाची दरी, अशा मोजक्या जागा सोडल्या तर आपल्याकडे आभाळ काठापासून काठापर्यंत मोकळं असतं. तूर आणि सोयाबीनच्या शेतातून जाणाऱ्या रस्त्यावर एका लहरीचं घड्याळही चांगली रेघ काढतं, आणि बॅटरीही कमी खातं. सह्याद्रीत जंगलात धावणाऱ्या माझ्या भाच्याला दोन लहरी हव्यातच. औसा ते लातूर धावणाऱ्याने केवळ तेवढ्यासाठी दुप्पट पैसे घालू नयेत.

उंचीचं प्रकरण त्याहून गमतीचं आहे आणि ते माझ्या विषयातलं आहे. ही सगळी घड्याळं उंची मोजतात ती हवेच्या दाबावरून. आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. आता उष्ण कटिबंधात हवेलाही रोज भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमाराला दाब सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या सुमाराला सगळ्यात कमी, रात्री पुन्हा तसंच. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे तुम्ही सकाळी दहा ते दुपारी चार घरात नुसते बसून राहिलात तरी घड्याळाच्या लेखी तीसेक मीटर चढून गेलात. फिनलंडमध्ये ही रोजची भरती नगण्य असते, म्हणून तिकडच्या लिखाणात तिचा उल्लेखही सापडत नाही. मी नववीच्या वर्गात हा प्रयोग करते. सकाळच्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात उंची लिहून ठेवायची, शाळा सुटताना पुन्हा घड्याळ बघायचं. पोरं डोळे विस्फारतात. दाबाचा धडा त्यांना परत शिकवावा लागत नाही. चालायला निघण्याआधी माहीत असलेल्या उंचीवर घड्याळ लावून घेतलं की काम भागतं.

याच दाबावर वादळाचा इशारा चालतो. सुंटोच्या घड्याळात तीन तासांत चार हेक्टोपास्कल दाब पडला की इशारा वाजतो. मोठ्या, सावकाश येणाऱ्या वादळांसाठी तो ठीक आहे. आमच्याकडचा वळीव तसा येत नाही. दुपारी तीनला आभाळ निरभ्र, साडेचारला विजांचा कडकडाट. त्यात दुपारची रोजची घसरण आधीच मिसळलेली. मे-जूनमध्ये वीज पडून शेतातली माणसं, बैल दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी हे ॲप फोनवर ठेवावं, घड्याळावर विसंबू नये. एवढं तरी प्रत्येकाने कराच.

शाळेच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली येतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावच्या बायपासवर पाच वाजता गेलात तर ही मुलं-मुली दिसतील, अंगात जुना टी-शर्ट, पायात झिजलेले बूट. भरतीच्या मैदानी परीक्षेत ५० पैकी २० गुण एका धावेचे, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. एकेका सेकंदावर त्यांचं घर उभं राहायचं असतं. त्या विचारतात, "मॅडम, तुमच्या घड्याळात किती भरलं?" मी त्यांना स्पष्ट सांगते की इथे या घड्याळाचा उपयोग नाही. आमचं मैदान २०० मीटरचं, फक्कीने आखलेलं, वळणं आवळ. जीपीएस वळणाचा कोपरा कापतं आणि अंतर कमी दाखवतं. घड्याळांत ट्रॅकसाठीची खास सोय असते, पण ती ४०० मीटरच्या प्रमाण ट्रॅकला धरून बनवलेली. ८०० मीटर टेपने मोजावेत आणि लॅपचं बटण दाबून वेळ घ्यावी, त्याला साधं दीडशे-दोनशेचं स्टॉपवॉच पुरतं. जी मुलगी उसनवारी करून घड्याळ घ्यायला निघाली असेल तिने ते पैसे बुटांना आणि खुराकाला लावावेत.

याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा आहे, अविनाश साबळेंचं गाव. तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी ७ जुलै २०२४ला पॅरिसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याआधी सैन्यात महार रेजिमेंटमध्ये असताना ते सियाचिनलाही होते आणि राजस्थानच्या वाळवंटातही. मुलींना मी त्यांचं उदाहरण देते ते एवढ्यासाठीच, की शरीर थंडी शिकतं, तसंच ऊनही शिकतं. फक्त त्याला शिकू द्यावं लागतं.

आणि इथे घड्याळ खरोखर मोलाचं ठरतं.

उन्हात धावताना हृदयाला दोन कामं असतात. स्नायूंना रक्त द्यायचं, आणि अंग थंड ठेवायला कातडीकडेही रक्त पाठवायचं. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, मग प्रत्येक ठोक्याला थोडं कमी रक्त पुढे जातं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. मार्गशीर्षात मुकुंदराजांच्या समाधीकडच्या रस्त्यावर मी ज्या गतीने गप्पा मारत धावते त्या गतीला नाडी १४०च्या आसपास असते. चैत्रात त्याच रस्त्यावर, त्याच गतीला ती १५५च्या पुढे जाते, आणि शेवटच्या टप्प्यात गती तीच ठेवली तरी वर वर सरकत राहते. पायांना हे कळत नाही. पायांना वाटतं, रोजचंच तर आहे. आमच्याकडची माणसं उन्हाला फार सोसतात आणि सोसण्याचा अभिमानही बाळगतात. "आम्हाला काय उन्हाचं" असं म्हणत दुपारी धावायला निघालेली धडधाकट पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांपैकी एकाला सलाईन लावलेलंही पाहिलंय. घड्याळाने अशा वेळी आकडा डोळ्यांपुढे धरला तर माणूस ऐकतो. म्हणून उन्हाळ्यात मी वेगाचा रकाना स्क्रीनवरून काढूनच टाकते. फक्त नाडी ठेवते, मोठ्या अक्षरांत. १५०ला इशारा लावलेला असतो. तो वाजला की चालायला लागायचं, ठोके १३०वर आले की पुन्हा धावायचं. दहा ते चौदा दिवस असं संयमाने काढले की शरीर बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्याच गतीला नाडी खाली आलेली दिसते. ते उतरलेले आकडे बघणं हा माझा उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

परळीच्या अभियंत्यांच्या फेनिक्समध्ये शरीर उन्हाला किती सरावलं याचा टक्का दिसतो. हवामान ते फोनवरून घेतं आणि २२ अंशांच्या वरच्या धावा मोजतं. २२ अंश! आमच्याकडे पौषात सकाळी नऊला तेवढं असतं. त्यामुळे त्यांचा टक्का वर्षातले बरेच महिने वरच असतो आणि त्यातून विशेष काही कळत नाही. माझी पद्धत साधी आहे. एकच रस्ता, एकच गती, आणि दर आठवड्याची सरासरी नाडी वहीत लिहायची. घड्याळातल्या तापमानावरही जाऊ नये, ते बव्हंशी मनगटाचंच असतं.

आता ही नाडी खरी किती? मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्तावरून परततो आणि त्याच्या कमी-जास्त होण्यावरून ठोके मोजले जातात. थंडीत कातडीकडचं रक्त आटतं तेव्हा हा सेन्सर अडखळतो, उन्हाळ्यात रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात म्हणून तुलनेने बरा चालतो. ही आपल्या बाजूची गोष्ट. पण पट्टा सैल असेल तर कधी कधी तो पावलांचा ठेकाच हृदयाचा म्हणून दाखवतो. सुरुवातीलाच नाडी १६५-१७० दिसली आणि दम लागलेला नसेल तर हेच समजावं. खड्ड्यांच्या रस्त्यावर सायकल चालवताना तर त्याचं काही खरं नसतं. यावर उपाय छातीचा पट्टा. पोलरने १९८२ साली बिनतारी नाडीमापक बाजारात आणला, तेव्हापासून छातीवरून विजेचे ठोके टिपण्याइतकं भरवशाचं साधन मैदानावर दुसरं आलेलं नाही. वीस-पंचवीस हजारांचं घड्याळ अधिक छातीचा पट्टा, ही जोडी उन्हाळ्यात नुसत्या लाखाच्या घड्याळाला भारी पडते, असं माझं ठाम मत आहे.

नकाशांबद्दल थोडं. फेनिक्स, व्हर्टिकल, व्हर्टिक्स यांत नकाशे घड्याळातच असतात, फोनला रेंज नसली तरी दिसतात. माझ्यात फक्त रेघ दिसते. हे नकाशे बहुतेक ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर बनतात, आणि त्यांत आमच्या पाणंदी, गाडवाटा, शिवरस्ते फारसे नाहीत. मात्र आपली नोंदलेली रेघ तिथे चढवून आपणच ती वाट नकाशात काढू शकतो. मी आणि माझे विद्यार्थी आमच्या शिवारातल्या पाणंदी अशा भरतो आहोत. उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारी घड्याळंही आता आली आहेत. परदेशातल्या नातेवाइकाकडून तसं घड्याळ मागवायचा मोह होईल, तर एवढं लक्षात असू द्या की भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह संदेशाचं उपकरण वापरता येत नाही. बाईमाणसाने एकटीने पहाटे जाताना फोन सोबत ठेवावा आणि घरच्यांना थेट ठिकाण दिसण्याची सोय चालू करावी. मुकुंदराजांच्या दरीत रेंज जाते, म्हणून मी परतायची वेळही सांगून निघते.

मग कुणी काय घ्यावं? डॉक्टरांसारख्या माणसाला, ज्याला रुग्णालयाचे फोन मनगटावरच हवेत आणि रोज रात्री चार्जरला लावायची सवय आहे, त्याला अल्ट्रा शोभतं. जंगलात, डोंगरात दिवसचे दिवस घालवणाऱ्याने व्हर्टिकल किंवा व्हर्टिक्स बघावं, फेनिक्सच्या आधी बघावं. फेनिक्स सगळंच करतं, पण त्यातलं निम्मं इथे कधी उघडलंही जात नाही. ज्याचं बजेट वीस हजारांचं आहे त्याने ॲमेझफिट टी-रेक्स ३ घ्यावं आणि मन खट्टू करू नये. स्वतःसाठी मी आज पुन्हा निवडलं तर इन्स्टिंक्टच्याच वळणाचं, छोटं, बटणांचं, सोलर घेईन. बारीक मनगटाच्या बायकांनी ५१ मिलिमीटरचं घड्याळ घालून बघावं म्हणजे कळेल. ते मनगटाच्या दोन्ही कडांबाहेर जातं आणि खालून उजेड शिरतो.

आणि घेताना दुकानातल्या दिव्याखाली घेऊ नका. संभाजीनगरच्या दुकानात मी घड्याळ हातात घेऊन बाहेर फुटपाथवर उन्हात उभी राहिले होते, एक दुकानातला मुलगा सोबत घेऊन. दुपारची वेळ, त्याने कपाळावर आडवा हात धरलेला. दोन घड्याळं आलटून पालटून बघितली, घामाच्या बोटाने बटणं दाबली, मनगट न हलवता सेकंद वाचता येतात का ते पाहिलं. पाच मिनिटांत निकाल लागला. भाच्याला अजून पटलेलं नाही. तो मेच्या सुट्टीत येतोय, त्याचं घड्याळ माझ्या उजव्या हाताला बांधायचं ठरलंय.